हाताला लागतं ते

डोळा फसतो, बाई, तुंगेकरचाचा म्हणाले,
हात नाही फसत.
आणि माझा तळवा धरून त्यांनी
डुक्कर फियाटच्या बॉनेटवर ठेवला,
मध्ये मलमलीचा एक तुकडा.
कापडावरून जास्त कळतं म्हणे.
मला नुसतं गार लागत होतं.

दारूखान्याच्या गल्लीत ही शेड.
शेजारी जुन्या बोटींचे पत्रे कापतात.
ठिणग्या, गंज, आणि ओहोटीला
चिखलाचा वास.
इथे काही गुळगुळीत होऊ शकेल
यावर माझा विश्वास नव्हता.

तीन महिने नुसतं घासणं.
ऐंशीचा कागद, मग दोनशेवीसचा,
मग चारशेचा, पाण्यात बुडवून,
लाकडी ठोकळ्याला गुंडाळून.
तिरपा हात, कधी गोल नाही.
गोल घासणाऱ्याला चाचा सांगतात,
घरी जा, भाकऱ्या थाप.
मग पास्कल साऱ्या गाडीला
काजळासारखा काळा फवारा मारतो
आणि लगेच घासून काढतो.
काळं उरलं तिथे खड्डा.

रंगाखालून रंग निघाले.
वरचा पांढरा, भावानं दिलेला,
लग्नांना भाड्यानं द्यायची म्हणून.
त्याखाली मरून. त्याखाली
बाबांचा फिकट पिस्ता,
नखाएवढा, अजून ओला वाटणारा.

डाव्या मडगार्डवर कागद थांबला.
लांबी. अंगठ्याएवढी जाड.
चाचांनी खरवडली, तर खाली पत्रा
ओंजळभर आत गेलेला,
हातोडीच्या तीन खुणा,
कुणीतरी घाईत सरळ केलेला.

बाबा म्हणायचे, एकतीस वर्षांत
माझ्या गाडीला ओरखडा नाही.
जेवताना म्हणायचे, पाहुण्यांना म्हणायचे,
गाडीची किल्ली खुंटीला कायमची लावली
त्या दिवशीही म्हणाले.
आई तेव्हा ताटातलं मीठ
बोटानं एका बाजूला सारायची.

खांब असेल? हातगाडी? माणूस?
चाचा म्हणाले,
किती जोरात, ते पत्रा सांगतो.
कुणाला, ते नाही सांगत.
भरायचं ना?

भरा, म्हणाले मी.

पावसाळ्यात रंग मारत नाहीत,
हवेतलं पाणी रंगात शिरतं, दुधाळ डाग पडतात.
म्हणून डिसेंबर. म्हणून पहाटे चार,
ट्रक सुरू व्हायच्या आधी,
जमिनीवर पाणी शिंपडून, धूळ बसवून,
काचांना वर्तमानपत्रं डकवून.
सुती साडी नको, धागे उडतात,
म्हणून दारात मी भाच्याच्या रेनकोटात.
कॉम्प्रेसर धापा टाकतो.
चाचा मात्र श्वास धरून
दिव्यापासून दिव्यापर्यंत चालतात
आणि टोकाला पोचल्यावरच सोडतात.
गन जवळ गेली की ओघळ,
लांब गेली की संत्र्याची साल.
वीतभर म्हणजे वीतभर.

छपराच्या मधोमध एक डास येऊन बसला.
कुणीच काही बोललं नाही.
मग पास्कल म्हणाला, वाळू दे त्याला.

पुन्हा घासणं. पंधराशेचा, दोन हजाराचा,
साबणाचं पाणी, कंपाउंड, मेंढीची लोकर.
आता बॉनेटमध्ये शेडची ट्यूबलाइट
सरळ दिसते, न थरथरता,
आणि खाली वाकून बघणारी मी,
आहे तेवढ्या वयाची.

मलमलीचा तुकडा मी मागून घेतला.
डोळे मिटले.
छपरावर डासाची जागा सापडली,
मोहरीएवढी. चाचा हसले.
मग डावं मडगार्ड.
तिरपा हात, वरून खाली.
काही नाही.
पुन्हा एकदा, सावकाश.
काही नाही.

बिलात रंग, थिनर, कागद एकशे चाळीस,
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनानं,
लांबी, डावी बाजू, सव्वा किलो.
घडी करून पर्समध्ये आत ठेवलं.
भाऊ विचारेलच.
सांगेन, काही नाही रे,
नुसता रंग दिला.